रानकोंबड्याच्या पिसातील डोळा

गळाला लावलेल्या जिवंत आमिषावर मासा झडप घालतो, यात नवल नाही. नवल आहे ते पिसे, केस आणि दोरा एकत्र बांधून त्याला भुलविण्याच्या कलेत. ही कला प्राचीन आहे. इसवी सन 200 च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील नदीकाठच्या लोकांची एक युक्ती नोंदवून ठेवली आहे. पाण्यावर उडणारा एक कीटक तेथील माशांना फार प्रिय होता. पण हाताचा स्पर्श होताच त्याचा रंग उडे. म्हणून ते लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळीत आणि तिच्यावर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधीत. अशा आमिषाला पुढे ‘माशी’ हेच नाव पडले.

समुद्रातील मोठा मासा मात्र माश्यांवर जगत नाही. तो जगतो लहान माशांवर. कोकणच्या किनाऱ्यावर तारलीच्या थव्यामागे सुरमई धावते, तोच न्याय साऱ्या सागरांत चालतो. म्हणून खाऱ्या पाण्यासाठी बांधलेली ‘माशी’ नावाची माशी असली, तरी रूपाने ती मासोळीच असावी लागते.

मासोळी म्हटली की डोळा आला. या डोळ्यासाठी कारागिरांची दृष्टी वळली ती भारताकडे. सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या रानांत राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांना टोकाशी पिवळसर, तकतकीत ठिपके असतात. जणू मेणाचे थेंबच. एकोणिसाव्या शतकात सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या शोभिवंत इंग्रजी माश्यांत हे पीस मानाने मिरवू लागले. अमेरिकेतील मेन राज्यात कॅरी स्टीव्हन्स या पूर्वी स्त्रियांच्या टोप्या बनविणाऱ्या बाईंनी 1 जुलै 1924 रोजी स्वतः बांधलेल्या माशीवर 6 पौंड 13 औंसांचा ट्राउट पकडला. स्मेल्ट या लहान माशाची नक्कल करणारी त्यांची ‘ग्रे घोस्ट’ पुढे जगभर गाजली. तिच्या दोन्ही गालांवर हेच भारतीय पीस असे. परक्या सरोवरातील एका खोट्या मासोळीला दृष्टी यावी, म्हणून इकडच्या रानातला जिवंत पक्षी प्राणाला मुकत होता.

पण मासा खरोखर डोळ्याला भुलतो काय? या प्रश्नाचे उत्तर चेसापीक उपसागराच्या खाऱ्या पाण्यात मिळाले. 1950 च्या दशकाच्या अखेरीस मेरीलँडचे लेफ्टी क्रे तेथे पट्टेरी बास मासे पकडीत. त्या वेळच्या माश्यांची लांब पिसे फेकताना गळाच्या आकड्याभोवती गुंतत आणि सारा डाव फसे. क्रे यांनी कोंबड्याच्या पाठीवरची सहा-आठ लांब पिसे गळाच्या अगदी मागच्या टोकाला बांधली आणि पुढे हरणाच्या शेपटीच्या केसांची झालर लावली. ती झालर आकड्याच्या वळणापलीकडे पोहोचत असल्यामुळे पिसे गुंतेनाशी झाली. हवेत ही माशी सडसडीत होई. पाण्यात फुलून पोहत्या मासोळीसारखी डुलत असे. हिचे नाव ‘डिसीव्हर’, म्हणजे फसवी. डोळा हवाच असेल, तर तो रंगाच्या ठिपक्याने भागे. 1991 मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटावर तिचे चित्र झळकले.

याच उपसागराला मिळणाऱ्या सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउझर यांनी 1987 मध्ये आणखी एक पाऊल टाकले. त्यांनी डोळा म्हणून शिशाचे दोन मणी बांधले. त्या वजनाने माशी उलटी होऊन आकडा वर राही, आणि दोरी ओढता-सोडता ती घाबऱ्या मासोळीसारखी वर उसळे, खाली बुडे. खाऱ्या पाण्यातही ती सर्वत्र चालू लागली. जो डोळा केवळ दिसण्यापुरता होता, तोच आता चालीचे साधन झाला.

दरम्यान भारतात 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आज रानकोंबड्याची शिकार आणि त्याच्या पिसांची निर्यात हे गुन्हे आहेत. जुन्या घाटणीच्या माश्या बांधणारे हौशी कारागीर आता परदेशात पाळून वाढविलेल्या पक्ष्यांची पिसे वापरतात किंवा रंगविलेल्या नकलेवर समाधान मानतात.

या इतिहासाचा अर्थ एवढाच, की मासा भुलतो तो मुख्यतः आकाराला आणि चालीला. रानकोंबड्याच्या पिसाची खरी भूल पडली होती ती माणसाला. ती उतरली, म्हणूनच सह्याद्रीच्या रानातील त्या पक्ष्याची पहाटेची आरव आज निर्धास्तपणे उमटू शकते.