बाणाग्रे, दगडी व काचेची

बाणाग्रे, दगडी व काचेची : दगड किंवा काच यांचे छिलके काढून तयार केलेली बाणाची टोके. धातूचा वापर सुरू होण्यापूर्वी व त्यानंतरही धातू दुर्मिळ असलेल्या प्रदेशांत ती प्रचारात होती.

यासाठी सूक्ष्मकणी, एकजिनसी आणि कठीण असूनही ठिसूळ असा पदार्थ लागतो. त्याचे भंजन शंखाभ असते, म्हणजे फुटलेला पृष्ठभाग शिंपल्याप्रमाणे वक्र दिसतो. आघाताची दिशा व जोर साधल्यास छिलका हवा तसा सुटतो. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीजन्य नैसर्गिक काच, तसेच चकमक, चर्ट, कॅल्सेडोनी व जॅस्पर ही या कामास उपयुक्त द्रव्ये होत.

महाराष्ट्राचा बराचसा भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात त्याची जाडी सु. ३३८ मी. भरली. बारीक पाती काढण्यास हा खडक फारसा सोयीचा नाही. परंतु त्यातील वायूच्या पोकळ्यांत सिलिका साचून कॅल्सेडोनी, अकीक इ. तयार झाले. खडक झिजला, की हे गोटे सुटून शेतांत व नद्यांच्या वाळूगोट्यांत येतात. ते बहुधा लहान असल्याने एका गोट्यातून एकच मोठे टोक घडविण्यापेक्षा अनेक छोटी पाती काढणे किफायतशीर ठरे. त्यामुळे दख्खनमध्ये सूक्ष्मास्त्रांना विशेष महत्त्व आले.

प्रथम गोट्याला आकार देऊन गाभा तयार करीत. त्याच्या कडेवर आडवे छिलके काढून उभी धार साधली, की पहिले पाते त्या धारेच्या अनुरोधाने सुटे व पुढील पात्यांना वाट मिळे. पात्याची एक कड बारीक टवके काढून बोथट करीत आणि तीच डिंक वा राळेने लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत बसवीत. चंद्रकोर, त्रिकोण, समलंब चौकोन असे त्यांचे आकार आढळतात. काही टोकाशी, तर काही बाजूला काट्यांप्रमाणे बसवीत. एक तुटले, तर तेवढेच बदलता येई. उत्तर प्रदेशातील सराय नाहर राय येथे मानवी सांगाड्यात रुतलेले सूक्ष्मास्त्र मिळाले. हा अशा वापराचा प्रत्यक्ष पुरावा होय.

जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे सूक्ष्मास्त्रांचे थर उत्खननात मिळाले. नेवासे (१९५४–५६) व इनामगाव (१९६८–८३) येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत तांबे माहीत असूनही दैनंदिन कामांसाठी कॅल्सेडोनीची पाती मुबलक वापरात होती. मात्र त्यांतील प्रत्येक पाते बाणाचे नव्हे. कापणे, सोलणे, कापणी करणे ही कामेही त्यांनी होत.

कारखान्यातील काच हाती येताच अनेक समाजांनी तिच्यावर हीच जुनी कला चालविली. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा अखेरचा ज्ञात पुरुष इशी १९११ ते १९१६ या काळात संग्रहालयात बाटलीच्या काचेपासून बाणाग्रे घडवून दाखवीत असे. शिंगाच्या वा धातूच्या अणीने कडेवर दाब देऊन तो छिलके काढी. अंदमानातील स्त्रिया बाटलीच्या काचेचे छिलके काढीत. ते केस काढण्यासाठी व त्वचेवर खुणा करण्यासाठी वापरले जात.

नांगराच्या फाळाने किंवा गाडीच्या चाकाखालीही दगड फुटतो. त्यामुळे आघातबिंदूखालचा फुगवटा, समांतर व्रण आणि कडेवरील नियमित टवके यांची एकत्रित तपासणी करावी लागते. त्याहून महत्त्वाची असते ती सापडल्याची जागा. थर, सोबतचे गाभे व टाकाऊ छिलके यांवरूनच वस्तूचा काळ व उपयोग ठरतो. शेतातून उचलून खिशात टाकलेले पाते सुंदर असले, तरी त्याचा इतिहास बव्हंशी मागेच राहतो. नांगरट, पायाखोदाई व वाळूउपसा यांमुळे असे थर नष्ट होतात. म्हणूनच वस्तू हलविण्यापूर्वी तिच्या जागेची नोंद करणे अगत्याचे ठरते. तसेच आज प्रयोगादाखल घडविलेल्या बाणाग्रांवर निर्मितीची खूण असणेही आवश्यक आहे.