स्कॉटिश कॅफेंतील वही

१९१६ सालची गोष्ट. क्राकाव शहरांतील एका उद्यानांतून ह्यूगो स्टाइनहाउस हा गणितज्ञ सायंकाळीं फिरत चालला होता. बांकावर बसलेल्या दोन तरुणांच्या बोलण्यांतील ‘लबेगचें संकलन’ हे शब्द त्याच्या कानीं पडले. महायुद्धाच्या धामधुमींत इतक्या नव्या गणिताची चर्चा कोण करीत आहे, या नवलानें तो थबकला. त्या तरुणांपैकीं एक स्टेफान बानाख होता.

बानाखचा जन्म १८९२ सालचा. आईबापांचें छत्र त्याला लाभलें नाहीं. एका परटिणीच्या घरीं तो वाढला. ल्वूव, म्हणजे आजच्या युक्रेनमधील ल्विव्ह, येथील तंत्रविद्यालयांत त्यानें कांहीं वर्षें काढलीं. पण पूर्ण पदवी त्याच्या पदरीं नव्हती. तरीहि तेथील विद्यापीठानें नियमास अपवाद करून १९२० सालीं त्याचा प्रबंध स्वीकारला. ‘फंक्शनल अ‍ॅनालिसिस’ या नव्या शाखेचा पाया त्या प्रबंधानें भक्कम केला.

या शाखेचें मर्म काय? भूमितींत दोन बिंदूंमधील अंतर मोजतात. येथें तापलेल्या सळईचें ठिकठिकाणचें तपमान दाखविणारा सबंध आलेखच एक बिंदु मानावयाचा, आणि अशा दोन आलेखांमधील अंतर मोजावयाचें. एका अंदाजावरून दुसरा अंदाज बांधीत जावें. प्रत्येक पावलास तें अंतर ठराविक प्रमाणांत आक्रसत गेलें, तर अखेर एकच उत्तर हातीं येतें, हें बानाखनें सिद्ध केलें. भौतिकशास्त्रांतील कित्येक समीकरणांना उत्तर आहे, ही खात्री आजहि याच मार्गानें करून घेतात.

ल्वूवमध्यें या विद्येचा खरा वर्ग स्कॉटिश कॅफेंत भरे. गणितें संगमरवरी मेजांवरच लिहिलीं जात व पुसलींहि जात. म्हणून १९३५ सालीं बानाखच्या पत्नीनें एक जाड वही आणून दिली. सुटलेले नव्हेत, तर न सुटलेले प्रश्न तींत लिहावयाचे, आणि वही कॅफेच्या नोकरापाशीं ठेवावयाची, असा परिपाठ पडला. प्रश्नाखालीं बक्षिसेंहि लिहीत. ६ नोव्हेंबर १९३६ रोजीं स्टानिस्वाव माझुर यानें १५३ वा प्रश्न लिहिला, आणि उत्तर देणारास एक जिवंत हंसी कबूल केली.

१९४१ सालीं जर्मन सैन्य ल्वूवमध्यें शिरलें. जुलै महिन्यांत तेथील अनेक प्राध्यापकांना गोळ्या घालण्यांत आल्या. बानाखनें टायफसच्या लशीसाठीं उवांना आपलें रक्त पाजून दिवस काढले. युद्ध संपलें, पण ३१ ऑगस्ट १९४५ रोजीं कर्करोगानें त्याचा अंत झाला.

वही मात्र त्याच्या पत्नीनें जपली होती. १९५६ सालीं स्टाइनहाउसनें तिची प्रत अमेरिकेंतील आपला जुना सहकारी स्टानिस्वाव उलाम याजकडे धाडली. उलामनें इंग्रजी भाषांतर केलें, आणि ते प्रश्न जगभर पोंचले. १९७२ सालीं पेर एन्फ्लो या स्वीडिश तरुणानें १५३ व्या प्रश्नाचें उत्तर काढलें. वही लिहिणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण तोंवर काळाआड गेले होते. माझुर मात्र हयात होता. वॉर्सा येथें त्यानें स्वहस्तें एन्फ्लोला जिवंत हंसी दिली आणि छत्तीस वर्षांपूर्वीं दिलेला शब्द खरा केला.