साखरेच्या भांड्यापासून सुताच्या मजुरीपर्यंत

वस्तू कुणाच्या कष्टांतून आली हे विचारायचं, आणि उत्तर पटलं नाही तर ती घरात आणायची नाही, या रीतीची एक थोर परंपरा स्वयंपाकघरातून निघाली. 1791 मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार थांबवणारा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा हजारो कुटुंबांनी गुलामांच्या कष्टांतून येणारी वेस्ट इंडीजची साखर सोडली. बायकांना मत नव्हतं, पण घरातला किराणा त्यांच्या हातात होता. 1825 मध्ये लूसी टाउनसेंड आणि मेरी लॉइड यांनी बर्मिंगहॅम भागात बायकांची संघटना बांधली. या बायका दारोदार जाऊन साखर सोडायला सांगत. लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक वाण्यांनाही गाठत. 1833 मध्ये सुमारे 1,87,000 बायकांच्या सह्यांचा अर्ज संसदेत गेला आणि त्याच वर्षी बहुतेक ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा झाला.

वेस्ट इंडीजऐवजी हिंदुस्थानची साखर चालू लागली. ती गुलामांनी केलेली नाही, असं साखरेच्या भांड्यांवर लिहिलेलं असे. पण इथल्या गुलामीची कायदेशीर मान्यता थेट 1843 मध्ये संपली. साखर पिकवणाऱ्याच्या पोटाला काय मिळतं, हा प्रश्न तर भांड्यावर नव्हताच.

कापसाचं कोडं याहून अवघड होतं. इंग्लंडच्या गिरण्या अमेरिकेतल्या गुलामांच्या कापसावर चालत. 1861 मध्ये तिकडे युद्ध पेटलं, कापूस अडला आणि व्यापाऱ्यांची नजर हिंगणघाटकडे वळली. 1862 मध्ये हिंगणघाटचा हा भाग वर्धा जिल्हा म्हणून वेगळा झाला. भाव चढले, युद्ध संपताच कोसळले. शेतकरी कुणाचा गुलाम नव्हता, पण भाव ठरवणंही त्याच्या हातात नव्हतं.

राहून गेलेला तो पोटाचा प्रश्न वर्ध्यात विचारला गेला. इथल्या जानकीदेवी बजाजांनी दागिने आणि पडदा सोडून चरखा धरला होता. विदेशी कापडावरचा बहिष्कार घराघरांत पोचला होता. गांधीजींना मात्र एवढ्याने समाधान नव्हतं. 1935 मध्ये ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना त्यांच्या आग्रहावरून खादीचं काम करणाऱ्या चरखा संघाने ठरवलं की सूत कातणाऱ्या बाईला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, खादी महाग झाली तरी चालेल.

बर्मिंगहॅमच्या बायकांनी अन्यायाची वस्तू नाकारायला शिकवलं. वर्ध्याने त्यापुढे जाऊन न्यायाची किंमत मोजायला सांगितलं. स्वस्त कापड घेताना आपण हे दुसरं पाऊल टाळतो, आणि त्याचा भार कापूस वेचणाऱ्या बाईवर पडतो. बहिष्काराइतकीच वाजवी दाम देण्याचीही चळवळ व्हायला हवी, आणि तिची सुरुवात कापूस पिकवणाऱ्या याच जिल्ह्याला शोभेल.