पत्र्याचें गोत्र

घराच्या छपरावरील पन्हळी पत्रा दोन कारखान्यांतून, क्वचित् दोन देशांतून आला असेल, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. पूर्वीं भट्टींतील पोलाद ओतून झालेल्या पिंडापासून प्रथम जाड पट्ट्या व कांबी करीत. त्यांस शीटबार व बिलेट म्हणत. हा माल ना कच्चा, ना पक्का. तो पुन्हां तापवून लाटला म्हणजे पत्रे व सळया तयार होत. पोलादाच्या भट्ट्यांस अफाट भांडवल लागतें. रोलिंग मिल त्या मानानें थोडक्यांत उभी राहते. म्हणून परदेशचें बिलेट स्वस्त झालें कीं लाटणाराची चंगळ होते आणि भट्टीवाल्याच्या पोटावर पाय येतो.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्यें हेंच घडलें. बेल्जम, फ्रान्स व जर्मनी येथील अर्धसिद्ध पोलाद इतकें स्वस्त उतरूं लागलें कीं तेथील कित्येक रोलिंग मिल्स तेंच घेऊं लागल्या, आणि पोलाद ओतणारे जकातीसाठीं हाकाटी करूं लागले. मुक्त व्यापाराचें व्रत मोडण्यास महामंदी यावी लागली. १९३२ सालीं परदेशी पोलादावर शेंकडा ३३⅓ जकात बसली.

त्याच वर्षीं ओटावा येथें साम्राज्य-परिषद भरली. भारताच्या शिष्टमंडळांत टॅरिफ बोर्डाचे माजी अध्यक्ष सर पदमजी जिनवाला होते. १९०७ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या टाटा कंपनीस १९२४ च्या कायद्यानें संरक्षण मिळालेलें होतें. पण मंदींत रेल्वेनें रुळांची मागणी आंखडती घेतली, आणि जमशेदपूरच्या पोलादास गिऱ्हाईक हवें होतें. तडजोड अशी ठरली : भारताचें अर्धसिद्ध पोलाद ब्रिटनमध्यें जकातीवांचून जावें, आणि ब्रिटनमध्यें भारतीय शीटबारपासून केलेला जस्ती पत्रा भारतांत आल्यास टनास ३० रुपये, इतर शीटबारपासून तेथेंच केलेल्यास ५३, व अन्य देशांतील पत्र्यास ८३ रुपये जकात पडावी. जणूं पत्र्याचें गोत्र विचारूनच त्यास दारांतून आंत घ्यावयाचा!

या सौद्यांत भट्टी चालू राहण्याचा लाभ खरा होता. परंतु जमशेदपूर स्वतःही जस्ती पत्रे करीत असे. तेव्हां त्याचीच शीटबार समुद्रापार जाऊन, लाटण्याची मजुरी तिकडे ठेवून, त्याच्याच पत्र्याशीं स्पर्धा करण्यास परत येई. साम्राज्यांतर्गत सवलतीचा मोठा वांटा कोणाच्या पदरीं पडला, हें यावरून उघड आहे.

१९३४ च्या नव्या कायद्यांत भारतांत ओतलेल्या पिंडांवर टनास ४ रुपये अबकारी कर आला व आयात पिंडांवरही समतोल कर बसला. या सर्व घडामोडींत देशांतील लहान रोलिंग मिल्सकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. त्यांच्यापाशीं भट्टी नव्हती. परदेशचें बिलेट महागलें कीं जमशेदपूरकडेच हात पसरावा लागे, आणि जमशेदपूर तर सळयाही विकीत असे. ज्याच्याकडून कणीक घ्यावयाची, त्याच्याच पोळीशीं बाजारांत भाव लढवावयाचा, अशी त्यांची स्थिति होती.