कापलेली कडवी

परवा वीकेंडला लोरेटा लिनचं 'कोल मायनर्स डॉटर' पुन्हा ऐकलं. १९७० सालचं गाणं. केंटकीतली बुचर हॉलो ही डोंगरातली वस्ती, आठ पोरांचं घर, व्हॅन लीअरच्या खाणीत राबणारे वडील. रडगाणं अजिबात नाही, उलट अभिमानच! गंमत म्हणजे मूळ गाणं बरंच लांब होतं. निर्माता ओवेन ब्रॅडली म्हणाला, कडवी कमी कर. तिने केली, आणि पुढे हळहळत राहिली. आपल्याकडे कोड उडवला तरी जुनी व्हर्जन सापडते हो. इथे वस्तीचा एक तुकडाच गेला. असो. गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. ते ऐकायला वडील, टेड वेब, नव्हते. ते १९५९ मध्येच गेले.