ताप उतरल्यानंतरचे अठरा तास

दोन भावंडं नमुन्यादाखल घेऊ. दोघांनाही एकाच आठवड्यात डेंग्यूच्या दुसऱ्या प्रकाराची लागण झाली. धाकट्याची ही पहिलीच खेप. ताईला तीन वर्षांपूर्वी पहिल्या प्रकाराचा डेंग्यू होऊन गेलेला. तेव्हा साधा ताप म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं.

शॉकच्या ९६ तास आधी

दोघंही तापाने फणफणलेली. डोळ्यांमागे ठणका, अंग मोडून आलेलं. वरून पाहता काडीचा फरक नाही. आत मात्र धाकट्याच्या शरीरात इंटरफेरॉन विषाणूची वाढ रोखू लागलं आहे आणि नव्या प्रतिपिंडांची जुळवाजुळव सुरू आहे. ताईकडे जुनी प्रतिपिंडं तयारच आहेत. ती नव्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. मॅक्रोफेज पेशी अशा प्रतिपिंडासकट विषाणू गिळतात आणि तो तिथेच वाढत राहतो.

दुसऱ्या खेपेला बहुतेक जण बरे होतात, तरी धोका खरा आहे. क्युबात १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली, १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची. त्या दुसऱ्या साथीत १५८ माणसं दगावली, त्यांत मुलंच जास्त. १९९७ साली सँतियागो दे क्युबात दुसरा प्रकार पुन्हा आला, तेव्हा गंभीर झाली ती मोठी माणसं. पहिल्या प्रकाराच्या साथीनंतर जन्मलेली मुलं वाचली.

४८ तास आधी

ताप कायम. ताईच्या प्लेटलेट पेशी १,१०,०००. घरात पपईच्या पानांचा रस निघतो.

१८ तास आधी

दोघांचाही ताप उतरतो. धाकटा वरणभात मागतो. "घाम आला, आता ताईलाही भूक लागेल बघ," आजी म्हणते. ताईच्या रक्तातलाही विषाणू आता झपाट्याने कमी झालाय. पण मधल्या दिवसांत त्याने सोडलेलं एनएस१ प्रथिन रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खरवडत होतं, आणि जुन्या संसर्गाच्या टी-पेशींनी सायटोकाइनचा मारा चालवला होता. केशवाहिन्या सैल पडतात. रक्तातलं पाणी छातीत आणि पोटात झिरपू लागतं.

१२ तास आधी

ताईचं पोट दुखतं. उलट्या थांबत नाहीत. ती मलूल. दवाखाना गाठायची वेळ हीच.

६ तास आधी

लघवी नाही. हिमॅटोक्रिट ३६ वरून ४४, म्हणजे रक्त दाट होतंय. सगळे नातेवाईक "पेशी किती?" एवढंच विचारतात, याचं मला फार वाईट वाटतं. जीव घेणारी गळती हिमॅटोक्रिटमध्ये दिसते, आणि तो आकडा त्याच रिपोर्टात छापलेला असतो.

० तास

तळपाय गार, नाडी बारीक. रक्तदाब १००/८४. वरचा आकडा पाहून घरच्यांना हायसं वाटतं, ताईही शुद्धीवर आहे, बोलते आहे. पण दोन आकड्यांतलं अंतर १६ उरलंय. मुलांत ते २० किंवा त्याखाली आलं की तो शॉकच. आता वजनाप्रमाणे सलाईन, आणि तासातासाला नाडी, लघवी, हिमॅटोक्रिट पाहून त्याचा वेग ठरवायचा. गळती २४ ते ४८ तासांत थांबते आणि झिरपलेलं पाणी रक्तात परत येतं. तेव्हा सलाईन आवरलं नाही, तर तेच पाणी फुप्फुसात साचतं.