गोठ्यातून येणारा ताप: पशुवैद्यक, पशुपालक आणि ब्रुसेलोसिस

ताप येतो, काही दिवसांनी उतरतो आणि पुन्हा येतो. संध्याकाळी अंग तापते, रात्री घामाने कपडे भिजतात, कंबर आणि सांधे दुखतात. टायफॉइडची औषधे दोन-तीनदा घेऊन झालेली असतात, पण बरे वाटत नाही. असा रुग्ण आला की मी विचारतो, "घरी जनावरे आहेत का? गेल्या काही महिन्यांत एखादी गाय, म्हैस किंवा शेळी गाभडली का?" निदानाची दिशा पुष्कळदा या प्रश्नाच्या उत्तरातूनच मिळते.

ब्रुसेलोसिस म्हणजे काय?

ब्रुसेला या जिवाणूंमुळे होणारा हा आजार जनावरांकडून माणसाला होतो. सर डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर हे जिवाणू शोधले. याला 'माल्टा ताप' असेही म्हणत. गाई-म्हशींमध्ये या रोगाला 'सांसर्गिक गर्भपात' म्हणतात. गाभण जनावर बहुधा शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडते आणि वार अडकते. गाभडलेले वासरू, वार आणि गर्भाशयातील स्राव यांत जिवाणू प्रचंड संख्येने असतात. दुधातूनही ते बाहेर पडतात.

पशुवैद्यकांना धोका जास्त का?

त्यांचे रोजचे कामच तसे आहे. रात्री-अपरात्री फोन येतो, "गाय अडली आहे, लवकर या." गोठ्यात उजेड कमी, पाणी कमी, हातमोजे संपलेले. वासरू ओढायला घरातले दोघे-तिघे उघड्या हातांनी मदत करतात. अडकलेली वार आत्ताच्या आत्ता हाताने काढून द्या, असा मालकाचा आग्रह असतो. नाही म्हटले तर मालक पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावेल, ही धास्ती डॉक्टरांच्या मनात असते. अशा घाईत हातावरच्या बारीक जखमेतून, डोळ्यांत उडालेल्या थेंबातून किंवा श्वासातून जिवाणू शरीरात शिरतात.

वासरांना द्यायच्या लसीतही जिवंत, पण दुबळे केलेले जिवाणू असतात. लस टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तरी माणसाला आजार होऊ शकतो.

"कोणाला सांगू नका, डॉक्टर"

जनावर गाभडले हे मालक पुष्कळदा लपवतो. गाईची किंमत पडेल, दूध कोणी घेणार नाही, ही भीती खरी असते. पण माहिती लपली की पशुवैद्यक हातमोज्यांविना हात घालतो, घरातली मुले कच्चे दूध पितात आणि विकलेली गाय रोग दुसऱ्याच्या गोठ्यात नेते. पशुवैद्यकाला खरे सांगणे हे आपल्याच घराचे संरक्षण आहे.

लक्षणे कोणती?

संसर्गानंतर साधारण 2 ते 4 आठवड्यांत लक्षणे दिसतात. कधी काही महिनेही लागतात.

- येत-जात राहणारा ताप, रात्रीचा घाम
- थकवा, भूक मंदावणे, वजन घटणे
- कंबर, नितंब, गुडघे दुखणे
- पुरुषांमध्ये अंडकोशाला सूज व वेदना
- गर्भवतींमध्ये गर्भपाताचा धोका

क्वचित हृदयाच्या झडपांना किंवा मेंदूच्या आवरणाला संसर्ग होतो. तो जिवावर बेतू शकतो.

निदान कसे होते?

रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि रक्ताचे कल्चर करतात. हे जिवाणू सावकाश वाढतात, त्यामुळे अहवालाला वेळ लागू शकतो. ब्रुसेलोसिसचा संशय आहे हे प्रयोगशाळेला आधी कळवावे लागते, कारण नमुना हाताळणाऱ्यांनाही संसर्ग होऊ शकतो. म्हणून आपला व्यवसाय आणि जनावरांशी आलेला संबंध डॉक्टरांना न विचारताही सांगा.

उपचार

हा आजार बरा होतो, पण औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. प्रौढांना साधारणपणे डॉक्सीसायक्लिन 6 आठवडे आणि त्यासोबत रिफाम्पिसिनसारखे दुसरे औषध किंवा इंजेक्शने देतात. गर्भवती आणि लहान मुलांसाठी औषधे वेगळी असतात. रिफाम्पिसिन क्षयरोगातही वापरतात, म्हणून "मला टीबी झाला का?" असे रुग्ण घाबरून विचारतात. औषध तेच असले तरी आजार वेगळा आहे. या औषधाने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम मात्र कमी होतो, म्हणून त्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

आठवडाभरात ताप उतरला म्हणून गोळ्या थांबवू नका. अर्धवट उपचारांनी आजार उलटतो. ओळखीच्या पशुवैद्यकाकडून स्वतःसाठी इंजेक्शनही घेऊ नका.

काळजी कशी घ्यावी?

- दूध उकळूनच प्या. कच्चे दूध आणि न शिजवलेला चीक टाळा.
- बाळंतपण करताना किंवा वार हाताळताना लांब हातमोजे, मुखपट्टी, चष्मा आणि गमबूट वापरा. नंतर साबणाने हात धुवा.
- वार काढायची की वाट पाहायची, हे पशुवैद्यकाला ठरवू द्या. घाईने ओढल्यास गर्भाशयाला इजा होते.
- गाभडलेले वासरू आणि वार उघड्यावर किंवा कुत्र्यांपुढे टाकू नका. चुना घालून खोल पुरा. जागा जंतुनाशकाने धुवा आणि जनावर वेगळे बांधा.
- गर्भवती स्त्रिया आणि मुलांना अशा जागेपासून दूर ठेवा.
- 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना लस टोचून घ्या. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात हे लसीकरण केले जाते. माणसांसाठी आपल्याकडे लस उपलब्ध नाही.

माणसाकडून माणसाला हा आजार सहसा होत नाही. रुग्णाला वेगळे ठेवायची गरज नाही. मात्र घरातल्या इतरांनीही तेच कच्चे दूध घेतले असेल किंवा गोठ्यात काम केले असेल आणि त्यांना ताप असेल, तर त्यांचीही तपासणी करा.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

लसीची सुई टोचली किंवा लस डोळ्यांत उडाली, तर ती जागा भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जाताना लसीची रिकामी बाटली किंवा तिचे नाव सोबत न्या, कारण लसीच्या प्रकारानुसार प्रतिबंधक औषध बदलते. ताप आठवड्याहून अधिक टिकला, किंवा तापासोबत धाप, तीव्र डोकेदुखी अथवा पायांत अशक्तपणा आला, तर थांबू नका.